शेताच्या मोजणीची रायनेक्स फाइल (जीपीएस रिसीव्हरच्या नोंदींची मजकूर फाइल) बेसच्या, म्हणजे स्थान माहीत असलेल्या स्थिर केंद्राच्या, फाइलशी जुळत नाही, उंचीही साठ-सत्तर मीटर कमी येते. फाइल खराब झाली का?

नाही, फाइल खराब झालेली वाटत नाही. मी सोलापुरात खाजगी मोजणीचं काम करतो आणि तुमच्यासारखीच तक्रार घेऊन दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी येतं.

तुम्ही लिहिलंय की 12 एप्रिलला पहाटे पाच ते साडेसात शेताच्या कोपऱ्यावर रिसीव्हर स्थिर ठेवला, मग त्याच तारखेच्या पाच ते आठ या तासांच्या बेस फाइली उतरवल्या, आणि सॉफ्टवेअर म्हणतं की दोन्हींत सामाईक वेळच नाही. सॉफ्टवेअर बरोबर सांगतंय. रायनेक्समधली वेळ भारतीय नसते, जीपीएसची असते. ती यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, 18 सेकंद पुढे चालते आणि आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे तुमचं काम फाइलच्या हिशेबाने 11 एप्रिलच्या रात्री साडेअकराला सुरू झालं आणि 12 तारखेच्या पहाटे दोनला संपलं. तुम्ही उतरवलेल्या फाइली आपल्याकडच्या सकाळी साडेदहा ते दुपारी दीड या वेळेच्या आहेत. तेव्हा तुम्ही घरी पोचला होतात.

एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी शेतात उभं राहवत नाही, म्हणून आपण अंधारातच निघतो. पण साडेपाचच्या आधी सुरू केलेलं प्रत्येक काम यूटीसीत आदल्या दिवशी सुरू होतं, आणि बेसच्या फाइली दोन तारखांच्या लागतात. जुन्या, म्हणजे आवृत्ती 2 च्या, नावांत वर्षाचा कितवा दिवस ते तीन आकड्यांत असतं आणि तासासाठी एक अक्षर: मध्यरात्रीचा पहिला तास ए, शेवटचा एक्स. लीप वर्ष नसेल तर 12 एप्रिल हा 102 वा दिवस. तेव्हा तुम्हाला 101 ची एक्स आणि 102 च्या ए व बी अशा तीन फाइली हव्यात. बेसच्या फाइली देणाऱ्या पोर्टलवर वेळ निवडताना ते भारतीय वेळ मागतंय की यूटीसी, हे मात्र नीट वाचा.

ही एक गोष्ट दुरुस्त केली की बहुतेक काम मार्गी लागेल. तरी बेसलाइन (बेसपासून तुमच्या बिंदूपर्यंतची रेषा) सोडवण्याआधी तुमची फाइल नोटपॅडमध्ये उघडून हेडर, म्हणजे सुरुवातीचा माहितीचा भाग, वाचाच. मूळ कच्ची फाइल वेगळी जपून ठेवा, तिला हात लावू नका. उघडायचं ते प्रतीवर, आणि वर्ड किंवा एक्सेलमध्ये तर नाहीच. रायनेक्स 1989 मध्ये बर्न विद्यापीठात तयार झालं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरांचा डेटा एकत्र सोडवता यावा म्हणून. त्यात प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली आहे. हेडरमध्ये ओळीचं नाव 61 व्या रकान्यापासूनच सुरू व्हायला हवं. एखादी मोकळी जागा इकडची तिकडे झाली तरी प्रोग्रॅम अडतो.

हेडरमध्ये अंदाजे स्थानाची ओळ असते, एक्स, वाय, झेड मीटरमध्ये. सोलापूरजवळ एक्स सुमारे 14.8 लाख, वाय सुमारे 59 लाख आणि झेड सुमारे 19.2 लाख यायला हवं. तिथे शून्य असेल तर सहसा बिघडत नाही, पण भलतेच आकडे असतील तर फाइल दुसऱ्याच कामाची आहे. पहिल्या निरीक्षणाची तारीखही बघा. जुना रिसीव्हर असेल आणि तारीख वीसेक वर्षं मागची दिसली, तर ती आठवड्याच्या मोजणीची अडचण आहे. जीपीएसचा आठवडा 1024 नंतर पुन्हा शून्यावर येतो. शेवटचा असा बदल एप्रिल 2019 मध्ये झाला.

अँटेनाच्या उंचीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. कित्येकदा हेडरमध्ये ती शून्यच असते, कारण कंट्रोलरमध्ये कोणी भरलेलीच नसते. भरलेली असली तरी तिरकी मोजली की सरळ, खुणेपासून अँटेनाच्या तळापर्यंत की कडेवरच्या रेषेपर्यंत, हे वहीत लिहिलेलं नसेल तर पुढे कोणीच सांगू शकत नाही. कृपया ट्रायपॉड उतरवण्याआधी त्याचा फोटो काढत जा.

बॅटरी मधेच संपली असेल तर शेवटची नोंद अर्धवट राहते. आवृत्ती 3 मध्ये प्रत्येक क्षणाची नोंद मोठेपणाच्या चिन्हाने (>) सुरू होते, त्यामुळे शेवटचं चिन्ह शोधून तिथून पुढचं काढून टाकलं की फाइल उघडते.

वेळ जुळूनही निकाल फ्लोटच (कच्चा, कमी अचूक) राहिला, फिक्स (पक्का) होईना, तर आरटीकेलिब हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन त्याच्या प्लॉटमध्ये उपग्रहांच्या रेषा बघा. लिंबाखाली किंवा वाढलेल्या उसाच्या कडेला घेतलेल्या निरीक्षणांत त्या जागोजागी तुटलेल्या दिसतात. ते उपग्रह काढून टाका, किंवा उपग्रहांची क्षितिजापासूनच्या उंचीची मर्यादा 15 अंशांवर नेऊन पुन्हा सोडवा. सूर्यास्तानंतरच्या दोन-चार तासांतलं काम मी शक्यतो घेत नाही. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही; त्या वेळी आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) अस्थिर होतं आणि सिग्नल तुटतो, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तुमची पहाटेची वेळ त्या दृष्टीने चांगली होती.

आता उंची. ही चूक नाही. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या आकाराच्या गणिती लंबवर्तुळापासून, आणि आपल्या भागात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या लंबवर्तुळाच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे. म्हणून साडेचारशे मीटरवरचं शेत 390 च्या आसपास दिसतं. जिऑइड मॉडेल, म्हणजे समुद्रसपाटीच्या त्या पृष्ठभागाचं मॉडेल, लावलं की फरक भरून निघतो. बांधाच्या प्रश्नात उंची लागतच नाही, ती पाणी वळवताना लागते.

लांबीचं मात्र लक्षात ठेवा. सोलापूर यूटीएमच्या (नकाशासाठीच्या जागतिक ग्रिडच्या) 43 उत्तर झोनमध्ये येतं, आणि शहराजवळ त्या ग्रिडवरची लांबी किलोमीटरमागे सुमारे 30 सेंटिमीटर कमी भरते. टेपने मोजलेल्या बांधाशी तुलना करताना हा फरक धरा, नाहीतर शेजाऱ्यावर विनाकारण संशय जाईल. भाऊबंदकीत एकेका गुंठ्यासाठी लोक वर्षानुवर्षं कोर्टात जातात, म्हणून हे आवर्जून सांगतो. तुमचे आकडे कितीही अचूक आले तरी ते तुमच्या माहितीपुरते. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचाच अर्ज करा.

नव्या तीन फाइली लावूनही तोच संदेश आला, तर दोन्ही फाइलींची हेडरं इथे चिकटवा, मी बघतो.