चावी घेतली, तर गाडीही सांभाळा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मानोरा तालुक्यातला शेतकरी. घरी सेकंड हॅन्ड वॅगन आर आहे. फेब्रुवारीत माझ्या मामेसासऱ्यांच्या मुलीचं लग्न दारव्ह्याकडच्या एका लॉनमध्ये होतं. गेटवर लाल टी-शर्टमधली पोरं उभी होती. त्यांनी चावी मागितली, हातात चिठ्ठी दिली आणि गाडी मागच्या मैदानात नेली. रात्री गाडी समोर आणली, तर डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे चेपलेले आणि आरसा तुटून वायरीला लोंबत होता. पोरगा म्हणे, “काकाजी, हे तं आधीचंच हाय.” लॉनच्या मालकांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत.’ वरून म्हणाले, पार्किंगचा ठेका दुसऱ्याला दिला आहे, त्याला विचारा. गॅरेजवाल्याने ३४ हजारांचा अंदाज दिला. माझा विमा फक्त थर्ड पार्टीचा. पार्किंगचे पैसे मी दिले नव्हते, बोर्डही लावलेला होता, आणि वाद घातला तर मामेसासऱ्यांना वाईट वाटेल असं घरचे म्हणतात. सोडून द्यावं का? चिठ्ठीचा आणि गाडीचे फोटो सोबत पाठवतो.

उत्तर : भाऊ, सोडून देऊ नका. तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे.

आधी तुमच्या फोटोंबद्दल बोलते, कारण कायद्याच्या कलमांइतकंच काम तेच करणार आहेत. मागच्या दरवाजाचा फोटो मी मोठा करून पाहिला. चेपलेल्या जागेत आडवा ओरखडा आहे आणि त्यात पिवळा ऑइल पेंट भरला आहे. तुमची गाडी पांढरी. दुसऱ्या फोटोत मागे लॉनचं गेट दिसतं, त्याचे खांब पिवळे आहेत, आणि उजवीकडच्या खांबाचा रंग गुडघ्याच्या वर एका पट्ट्यात खरवडलेला दिसतो. पोरगा ‘आधीचंच आहे’ म्हणतो, त्याला याहून चांगलं उत्तर नाही. परत एकदा तिथे जा. खांबाला मोजपट्टी लावून जमिनीपासून त्या खरवडलेल्या पट्ट्याची उंची फोटोत घ्या, तशीच दरवाजावरच्या ओरखड्याची घ्या. गाडी दुरुस्तीला टाकण्याआधी हे करा. एकदा डेंटिंग-पेंटिंग झालं की पुरावा गेला.

दुसरा पुरावा लग्नघरातच आहे. आजकाल आपल्याकडे कुठलंही लग्न ड्रोन आणि व्हिडिओवाल्याशिवाय होत नाही. वऱ्हाड गेटवर उतरतानाचं शूटिंग मागवून घ्या. त्यात तुमची गाडी धड अवस्थेत आत शिरताना दिसली तर अर्धं काम झालं. व्हिडिओवाल्याकडून मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या, व्हॉट्सॲपवरून आलेली नको. लॉनमध्ये सीसीटीव्ही असेल तर त्या रात्रीचं रेकॉर्डिंग जपून ठेवा असं मालकाला आजच लेखी कळवा. ही यंत्रं जुन्यावर नवं रेकॉर्ड करत जातात, त्यामुळे कदाचित उशीर झालाही असेल. पण मागणी लेखी केलेली असली की पुढे ग्राहक आयोगासमोर ‘मागितलं होतं, दिलं नाही’ हे सांगता येतं.

आता कायदा. तुम्ही तूर वखारीत ठेवता तेव्हा तूर तुमचीच राहते, पण ती किडू नये, भिजू नये ही जबाबदारी वखारवाल्याची होते. गाडीची चावी दिली की तेच होतं. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १४८ मध्ये याला निक्षेप म्हटलं आहे, आणि कलम १५१ सांगतं की ठेव घेणाऱ्याने ती वस्तू साधारण शहाणा माणूस स्वतःची वस्तू जशी सांभाळतो तशी सांभाळली पाहिजे. गाडी धड घेतली आणि मोडून परत दिली, तर आपण पुरती काळजी घेतली होती हे दाखवणं त्याच्या अंगावर येतं. तुम्ही त्या वेळी मांडवात जेवत होतात, मैदानात काय घडलं हे तुम्हाला कुठून कळणार?

बोर्डाबद्दल नीट ऐका, कारण त्यालाच घाबरून लोक घरी परततात. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने आपली मारुती झेन व्हॅलेच्या, म्हणजे पाहुण्यांच्या गाड्या लावून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाच्या, ताब्यात दिली. रात्री एकच्या सुमारास तो बाहेर आला, तर गाडी दुसराच कोणी घेऊन गेला होता. पार्किंगच्या चिठ्ठीवर छापलं होतं की गाडी पाहुण्याच्या जबाबदारीवर आहे, नुकसान किंवा चोरी झाली तर व्यवस्थापन जबाबदार नाही. विमा कंपनीने मालकाला २ लाख ८० हजार दिले आणि मग हॉटेलवर दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ नोव्हेंबर २०१९ ला निकाल लागला. हॉटेल हरलं. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की चिठ्ठीवर काहीही छापा, स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी त्याने झटकता येत नाही. एका झेनसाठी एकवीस वर्षं लागली याचं मला आजही वाईट वाटतं, पण त्यातून तुमच्यासारख्यांची वाट मोकळी झाली. ते प्रकरण चोरीचं होतं, तुमचं मोडतोडीचं आहे. तत्त्व तेच लागू होतं, कारण करार कायद्याचं कलम पंचतारांकित हॉटेल आणि दारव्हा रोडवरचं लॉन असा भेद करत नाही.

‘मी पैसे दिले नव्हते’ ही तुमची दुसरी अडचण. त्या हॉटेलनेही हेच म्हटलं होतं की व्हॅलेची सोय फुकट होती. न्यायालयाने ते मानलं नाही. जेवणाच्या, खोलीच्या बिलात त्या सोयीची किंमत आलेलीच असते. तुमच्या मामेसासऱ्यांनी लॉनचं पॅकेज घेतलं, त्यातच ती लाल टी-शर्टवाली पोरं आली. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) प्रमाणे पैसे देणाऱ्याच्या संमतीने जो सेवा घेतो तोही ग्राहकच. लग्नाला बोलावलेला पाहुणा त्यात बसतो. बुकिंगच्या पावतीची झेरॉक्स घ्या. बहुतेक पावत्यांवर मांडव, लाइट, जनरेटर यांच्या ओळीत ‘पार्किंग व्यवस्था’ लिहिलेली असते.

ठेकेदाराकडे पाठवणी करणं ही नेहमीची युक्ती आहे. तुमचा व्यवहार लॉनशी होता, गेट लॉनचं, पोरं त्यांच्या गेटवर उभी. तुमच्या चिठ्ठीवर एक नंबर आणि ‘पार्किंग’ एवढंच आहे, ठेकेदाराचं नावसुद्धा नाही. मग तुम्ही त्याला शोधायचं कुठे? तक्रारीत लॉनमालकाला पहिला विरुद्ध पक्ष करा. ठेकेदाराचं नाव कळलं तर त्याला दुसरा. त्यांचं आपसातलं ते आपसात निस्तरतील.

आणि मामेसासऱ्यांचं. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या भागात अशी प्रकरणं कायद्यापायी कमी आणि नात्यापायी जास्त बुडतात. भाऊ, तुमची तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. त्यांना पक्षकार करायची गरज नाही. त्यांनी लॉनला पूर्ण पैसे मोजले आणि त्यांच्या पाहुण्याची गाडी मोडून परत दिली गेली, म्हणजे फसवणूक त्यांचीही झाली. त्यांच्या घरी जा, चहा घ्या, फोटो दाखवा आणि सांगा की मला तुमच्याकडून रुपयाही नको, फक्त बुकिंगची पावती आणि चार ओळींचं प्रतिज्ञापत्र हवं. लॉनची शेवटची रक्कम किंवा अनामत द्यायची-घ्यायची राहिली असेल, तर त्यांचा एक फोन तुमच्या दहा पत्रांपेक्षा जास्त काम करेल.

मग लॉनमालकाला साध्या मराठीत नोटीस पाठवा. तारीख, वेळ, चिठ्ठीचा नंबर, नुकसान, अंदाजपत्रकाची रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. लॉन यवतमाळ जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता वाशीम जिल्ह्यात, म्हणून तक्रार वाशीमलाच करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावायची सक्ती नाही. ऑनलाइन करायची तर ई-जागृती पोर्टल आहे, आणि नुसती माहिती हवी असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे, पण पेरणीची धावपळ सुरू होण्याआधी उरकून घ्या. दोन्ही बाजू तयार असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थीलाही पाठवतो. लॉनवाल्याने दुरुस्तीचे पूर्ण पैसे दिले, तर मी तुमच्या जागी तिथेच मिटवलं असतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. चावी घेणारं पोरगं किती वर्षांचं होतं? लग्नसराईत अकरावी-बारावीची मुलं हे काम करतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना कोणाला उडवलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे गाडीच्या मालकालाही ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आपल्याला माहीत नव्हतं हे सिद्ध करायची पाळीही मालकावरच येते. कोवळा चेहरा दिसला की चावी खिशात ठेवा आणि गाडी स्वतः लावा.

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातली शिक्षिका. नागपूरच्या एका हॉस्पिटलच्या पे अँड पार्कमध्ये २० रुपयांची पावती घेऊन मीच गाडी लावली, चावी माझ्याकडेच होती. परत आले तर बंपरवर ओरखडा. हॉस्पिटलकडून भरपाई मिळेल का?

उत्तर : मिळणं अवघड आहे, मॅडम. चावी तुमच्याकडे म्हणजे गाडीचा ताबा तुमच्याकडे. २० रुपये जागेचे होते. पैसे घेतले म्हणून ते सेवा देणारे ठरतात हे खरं, पण त्यांच्या माणसाने धडक दिली किंवा त्यांच्या निष्काळजीपणामुळे ती झाली हे तुम्हाला दाखवावं लागेल. तुमचा विमा सर्वंकष, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारा, असेल तर तिथे दावा करता येतो, फक्त आधी गणित करा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात १००० रुपये स्वतःचे जातात, आणि दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, जी २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढते, ती तुटते. साध्या ओरखड्याला गॅरेजच स्वस्त पडतं.

प्रश्न : मी आर्णी तालुक्यातला, वय १९. लग्नाच्या सीझनमध्ये एका लॉनवर गाड्या लावतो, रात्रीचे ४०० रुपये मिळतात. माझ्याकडे लर्निंग लायसन्स आहे. रिव्हर्स घेताना एका पाहुण्याची गाडी घासली. मालक म्हणतो, पूर्ण सीझनचा पगार देणार नाही. काय करू?

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचून मन अस्वस्थ झालं. तुला अंधारात, दाटीत अनोळखी गाड्या हलवायला लावणाऱ्याने तुझं लायसन्स पाहिलं होतं का? पाहुण्यापुढे जबाबदार लॉनमालक आहे, कारण तू त्याचं काम करत होतास. तुझ्या निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीची रक्कम मजुरीतून कापता येते, पण त्याआधी तुझं म्हणणं ऐकून घेणं कायद्याने भाग आहे, आणि मनाला येईल तेवढी मजुरी दाबून ठेवता येत नाही. कोणत्या तारखांना काम केलं ते वहीत लिही, सोबतच्या दोन पोरांच्या सह्या घे, मालकाचे फोनवरचे मेसेज डिलीट करू नको. मग जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दे. कोर्टाच्या इमारतीत तालुका विधी सेवा समिती असते, तिथे जाऊन मोफत वकिलासाठी पात्र आहेस का ते विचार.

आणि हे काम आजपासून बंद कर. लर्निंगवर गाडी चालवायची तर शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा आणि गाडीला ‘एल’ची पाटी हवी. पाहुण्यांच्या गाडीत यातलं काही नसतं. पक्कं लायसन्स मिळेपर्यंत मालकाकडे गेटवरचं काम माग. गाडी आत येताना चारही बाजूंनी फोटो काढायचे, चिठ्ठीवर गाडीचा नंबर आणि आधीचे ओरखडे लिहायचे, पाहुण्याची सही घ्यायची. हे काम पहिल्या पत्रातल्या लॉनवर कोणी करत असतं, तर घासलेली खूण नवी की जुनी यावर त्या रात्री वादच झाला नसता.