मूल पाड्यावरचं, घर शहरातलं

प्रश्न (शहादा): आमची संस्था बालकल्याण समितीच्या आदेशाने मुलांना प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत, ठेवते. मुलं बहुतेक धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यातली, पावरा नि भिल. कुटुंबं मात्र शहरातली, बिगर-आदिवासी. ऑस्ट्रेलियातल्या संस्था ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ आणि ‘सलोखा’ या नावाने काम करतात असं वाचलं. आपण सुरुवात कुठून करावी?

उत्तर: नातलग शोधण्यापासून. ऑस्ट्रेलियात सरकारने कित्येक पिढ्या आदिवासी मुलं घरांतून उचलून नेली. १९९७च्या चौकशी अहवालाने ते उघड मांडलं आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. आज तिथे मूल कुठे ठेवायचं याचा क्रम ठरलेला आहे: आधी नातलग, मग त्याच समाजातलं घर, परकं घर सर्वांत शेवटी. आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय कायद्यातही मुलाचं कुटुंब हीच पहिली जागा आहे.

आपला शोध फसतो तो वेळेमुळे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं होळीला परततात. पौषात पाड्यावर जाऊन दार बंद दिसलं, म्हणून ‘नातेवाईक आढळले नाहीत’ असा शेरा मारायचा नाही. होळीच्या आठवड्यात पुन्हा जायचं. काका, आजा, मामा, मोठी बहीण या प्रत्येकाला वेगळं विचारायचं आणि प्रत्येकाचं उत्तर तारखेसह फायलीत लिहायचं. पोलीस पाटील, आशा सेविका, अंगणवाडी सेविका यांच्याबरोबरच गावच्या पुजाऱ्यालाही विचारा. कोण कुठे गेलंय हे त्याला बरंच ठाऊक असतं.

काका ‘नाही’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा ते पैशापायी असतं, किंवा कागदांच्या धास्तीने. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेतून नातलगांकडे राहणाऱ्या अनाथ मुलाला दरमहा ४००० रुपयांचं प्रायोजकत्व मिळू शकतं. ग्रामीण भागात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये आहे. हे त्याला त्याच्या बोलीत सांगा आणि अर्ज तुम्ही भरा. मराठीतला छापील कागद हातात देऊन परत येणं म्हणजे विचारणं नव्हे.

नातलग खरंच नसतील आणि मूल शहरातल्या घरी गेलं, तर पहिले पंधरा दिवस सर्वांत अवघड. मूल गप्प बसतं, आणि शाळा त्याला ‘मंद’ ठरवून मोकळी होते. त्याची बोली बोलणारं माणूस या दिवसांत एक दिवसाआड घरी यायला हवं. इथे एक चूक हमखास होते: नवापूरकडचा मावची बोलणारा कार्यकर्ता पावरी मुलासाठी पाठवला जातो. बोल्या वेगळ्या आहेत; ‘आदिवासी भाषा’ अशी एकच भाषा नाही. भूक, पोटदुखी, भीती, शी-शू, ‘आईकडे जायचंय’ असे चाळीसेक शब्द वहीत उतरवून प्रतिपालकांकडून पाठ करून घ्या.

गृहभेटीतच विचारा: घरात मासे-मटण चालतं का? गोंदण, हातातलं कडं, गळ्यातली माळ काढायला लावणार का? नाव बदलणार का? नावाबाबत ‘हो’ आलं तर ते घर नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. होळीला मूल गावी जायलाच हवं. भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचे सणाचे बाजार, होळीच्या आधीच्या आठवड्यात भरतात, म्हणून समितीकडे परवानगीचा अर्ज माघातच करा. एरवीही समितीने मनाई केली नसेल, तर आईबाप येऊन मुलाला भेटू शकतात. त्यांचं बसभाडं आणि बुडालेली मजुरी संस्थेने द्यावी, नाहीतर हा हक्क कागदावरच राहतो.

आता सलोखा, म्हणजे चूक कबूल करून तुटलेलं नातं जोडणं. न्यूझीलंडमधल्या माओरी परिचारिकांनी सांस्कृतिक सुरक्षिततेचा विचार मांडला. त्याचं मर्म असं की सुरक्षित वाटलं की नाही हे सेवा घेणारा ठरवतो. म्हणून आधी जुन्या फायली काढा. कुणाचे नातलग शोधलेच नाहीत? भावंडं कुठे तुटली? बोलीचा रकाना कुठे कोरा आहे? ही यादी घेऊन पाड्यावर पंचांसमोर बसा, चुकलं ते चुकलं म्हणा आणि कोणती फाईल कधीपर्यंत दुरुस्त होईल ते तारखेसह सांगा. कुटुंब निवडणाऱ्या मंडळात निम्मी माणसं त्या समाजांतली घ्या. त्यांना मत द्यायचा अधिकार हवा, मानधनही हवं; नुसतं सल्लागार म्हणून बसवलं तर दुसऱ्या बैठकीनंतर कुणी येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

प्रश्न (यावल): तडवी मुलगी हिंदू कुटुंबात ठेवली आहे. शाळेत तिची नोंद कशी करावी?

उत्तर: आहे तशी. यावल-रावेरकडचे तडवी भिल मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत. धर्मामुळे तो दर्जा जात नाही. प्रवेशाच्या दिवशी कार्यकर्तीने स्वतः हजर राहून ‘तडवी’ ही नोंद, मूळ आडनाव आणि धर्म रजिस्टरमध्ये तपासावा. कारकुनाने अंदाजाने लिहिलेला एक शब्द पुढे जात पडताळणीत आडवा येतो. पडताळणीला वडिलांकडचे कागद लागतात; ६ सप्टेंबर १९५०पूर्वीची, म्हणजे अनुसूचित जमातींचा आदेश निघण्याआधीची, नोंद मिळाली तर फार मोलाची. आजोबा-काकांचे शाळेचे दाखले, वनपट्टा, रेशनकार्ड यांच्या प्रती आत्ताच फायलीत लावा. आणि ईदला तिला तिच्या माणसांत पाठवा.

प्रश्न (साक्री): ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, संस्थेत कार्यक्रम ठेवावा का?

उत्तर: ठेवा, पण मुलांना वेश चढवून पाहुण्यांसमोर नाचवू नका. त्या दिवशी सुट्टी द्या आणि गावच्या मिरवणुकीत नातलगांबरोबर जाऊ द्या.