वय ४६, कलाशाळेची पदवी नाही. आता चित्रकला शिकलो तर मला कुणी चित्रकार म्हणेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बँकेत नोकरी, शाळा सुटल्यापासून ब्रश धरलेला नाही, जलरंगापासून सुरुवात करू की ॲक्रेलिकपासून, क्लास लावू की यूट्यूब पुरे, आणि पदवी नसताना लोक चित्रकार म्हणतील का. पहिल्या दोन्हींवर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, कागद किती जाडीचा घ्यावा इथपर्यंत. मला तिसऱ्याशी काम आहे.

मी पेंटर. म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. आज ६७ वर्षांचा आहे, सगळा जन्म बडोद्यात गेला. १९७४ साली वडील गेले आणि सोळाव्या वर्षी रावपुऱ्यात एका उस्तादांच्या हाताखाली लागलो. पहिलं वर्षभर नुसते ब्रश धुतले. रॉकेलमध्ये खळखळवायचे, जुन्या बनियनला पुसायचे, केसांना बोटांनी टोक काढायचं आणि आडवे ठेवायचे. डब्यात केसांवर उभा ठेवलेला ब्रश दिसला की उस्ताद तोंडाने काही बोलायचे नाहीत. तो उचलून रस्त्यावर भिरकावायचे आणि शनिवारी माझ्या पैशांतून कापून घ्यायचे. दुसऱ्या वर्षी पत्रा घासणं आणि अस्तराचा हात. अक्षर हातात आलं तिसऱ्या वर्षी, तेही पाटीच्या तळाचं: ‘प्रो.’ आणि फोन नंबर.

आता एक गोष्ट सांगतो, ती कुठल्या क्लासात सांगत असतील असं वाटत नाही. बडोद्यातला पाटीवाला गुजराती, हिंदी, इंग्रजी आणि दांडिया बाजारात मराठीही लिहितो. आपल्या अक्षरांना शिरोरेघ असते. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी ती लटकतात, दोरी सरळ मारली की निम्मं काम झालं. गुजरातीला रेघच नाही. प्रत्येक अक्षर आपल्या पायावर सुटं उभं. त्यातला ‘र’ अंगाने किडकिडीत, ‘ण’ ऐसपैस मांडी घालून बसलेला. मधली जागा पट्टीने मोजून सारखी ठेवलीत तर समोरच्या फूटपाथवरून ती वेडीवाकडी दिसते, दात पडल्यासारखी. ती डोळ्यानेच तोलावी लागते. उस्ताद म्हणायचे, अक्षर कुणीपण काढतो, मधलं काढून दाखव. मला ते ‘मधलं’ जमायला सात-आठ वर्षं लागली. कलाशाळेतली मुलं यालाच काहीतरी भारी नाव देतात हे पुढे कळलं.

मग फ्लेक्स आला. २००२-०३ च्या सुमाराला जी पाटी मला चार दिवस लागायची ती लोक रात्रीत छापून सकाळी टांगायला लागले. त्यावर रडून झालेलं आहे, इथे परत नको. बायकोने डबे सुरू केले, मी सायकलवरून पोचवायला लागलो. वय ४४, ४५. तुमच्याएवढाच, फक्त तुमच्याकडे पगार आहे.

त्याच दिवसांत मी रविवारी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फतेसिंह म्युझियममध्ये जायला लागलो. राजा रविवर्म्याची चित्रं बघायला. सयाजीरावांनी दरबार हॉलसाठी त्याच्याकडून पुराणकथांवरची १४ चित्रं करून घेतली, आणि त्याचं बरंच काम आजही बडोद्यातच आहे. बडोदेकरांना त्याचं फारसं काही वाटत नाही, पाहुणे आले की तेवढे दाखवायला नेतात. मीही पूर्वी तसाच गेलो होतो. या वेळी काम नव्हतं म्हणून एकाच चित्रापुढे थांबलो.

एका नायिकेच्या साडीचा जरीकाठ. दहा फुटांवरून अस्सल जर, उजेड पडल्यासारखी. मी नाक लावायचं तेवढं बाकी ठेवून जवळ गेलो. जवळून तिथे जर नव्हतीच! काळपट तपकिरीवर पिवळ्या मातीच्या रंगाचे जाडसर ठिपके, एखादा जवळजवळ पांढरा, आणि मध्ये मध्ये चक्क मोकळी जागा. मोकळी जागा बघून मला हसूच आलं. हे तर उस्तादांचं ‘मधलं’! मागे गेलो, जर. पुढे आलो, ठिपके. पहारेकऱ्याने माझ्याकडे दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा येऊन विचारलं, काका, काही हरवलंय का?

पुढचे आठ महिने मी तो एक काठ आणि त्यावरचा हात एवढंच केलं. तिथे उभं राहून डोळ्यांत भरायचं, छोट्या वहीत पेन्सिलने खुणा करायच्या, घरी येऊन उरलेल्या इनॅमलने पत्र्याच्या तुकड्यावर उतरवायचं. पुढच्या रविवारी जाऊन कुठे चुकलं ते बघायचं. इनॅमलमध्ये तैलरंगाची मजा येत नाही, तो ओघळतो, लवकर वाळतो, एकात एक मिसळू देत नाही. पण माझ्याकडे तोच होता. हाताचं मधलं बोट सतरा वेळा पुसलं असेल. अठराव्यांदा ते बोट झालं. त्या रात्री मी बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. ती म्हणाली, नख जरा मोठं झालंय. खरंच झालं होतं.

आता मुद्द्यावर येतो. माझा एक मावसभाऊ आहे, माझ्याहून चार वर्षांनी लहान. एका कलाशाळेतून रीतसर शिकलेला, त्याची प्रदर्शनं होतात. त्या वर्षी दिवाळीत फराळाला आला. मी तो पत्रा मुद्दाम दिसेल असा ठेवला होता, खोटं कशाला बोलू. त्याने चकली खात खात बघितला आणि म्हणाला, “दादा, हात चांगला आहे रे तुझा. पण ही कॉपी झाली. यात तू कुठे आहेस?” सगळे गप्प. मीही गप्प. चिवड्याची वाटी पुढे केली.

उत्तर मला दोन दिवसांनी सुचलं, आणि गेली वीस वर्षं ते मी मनात देतोय. आज तुम्हाला देतो.

फैयाज खाँसाहेबांसारख्या दरबारी गवयाच्या गावात राहून ही भाषा? गाण्यातला शिष्य दहा-दहा वर्षं गुरूची हुबेहूब नक्कल करतो, त्याला आपण तालीम म्हणतो, माना डोलावतो. चित्रातल्याने तेच केलं की कॉपी. खुद्द रविवर्म्याला तरी तैलरंग कुणी मांडीवर घेऊन शिकवले? त्रावणकोरच्या दरबारी चित्रकाराने नकार दिला. थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार राजाची चित्रं काढायला आला, त्याने फक्त काम करताना बघायची मुभा दिली, असं रविवर्म्याच्या चरित्रात सांगतात. बघून बघून शिकला. मी त्याला बघून शिकलो तर माझं काय चुकलं?

आणि पाटीवाल्याचं म्हणाल तर एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरत होते. तेव्हा ते कोण होते, पेंटर की चित्रकार?

तुमच्या पदवीच्या चिंतेवर तर बडोद्यातच उत्तर आहे. भूपेन खख्खर. शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये मुंबईहून बडोद्याला आले, इथे कलासमीक्षेचा अभ्यासक्रम केला. चित्रकलेची पदवी नव्हतीच. नाव झाल्यावरही कित्येक वर्षं अर्धवेळ हिशेबाची नोकरी करत होते. इकडे खातेवही, तिकडे कॅनव्हास. आणि रंगवलं काय तर न्हावी, शिंपी, घड्याळं दुरुस्त करणारा. १९७२ च्या एका चित्राचं नावच ‘जनता वॉच रिपेअरिंग’ आहे. म्हणजे आमची पाटी! माझा मावसभाऊ त्यांचं नाव घेताना कानाला हात लावतो. माझ्या घरात मात्र त्याला कॉपी तेवढी दिसली.

वयाचं म्हणाल तर आमच्याकडचं कीर्तिमंदिर, गायकवाड घराण्याचं स्मारक, बघा. आतल्या भिंतींवर नंदलाल बोसांनी गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारताचं युद्ध वगैरे रंगवलंय. जन्म १८८२ चा, भिंतींचं काम १९३९ ते ४६. म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी सुरू करून चौसष्टाव्या वर्षी संपवलं, तेही एवढाल्या भिंतींवर. तुम्ही ४६ ला म्हातारे झालात म्हणून विचारताय, मला जरा रागच आला. (हो, ते आधीपासूनच मोठे चित्रकार होते आणि हाताखाली शिष्य होते, हे मलाही माहीत आहे. तरी.)

तर कुणी चित्रकार म्हणेल का? मला नाही म्हणत. गल्लीत आजही मी पेंटरकाका आहे, गिऱ्हाईक ‘पेंटरभाई’ म्हणतं. त्याने माझ्या कामात फरक पडला नाही. मावसभावाच्या त्या एका वाक्याने मात्र पडला, हे कबूल करायला हवं. ‘यात तू कुठे आहेस’ हे डोक्यातून जाईना. चिडून का होईना, मी रविवर्मा थांबवला.

मग २०११ मध्ये एक गंमत झाली. भंगारवाल्याकडे पत्रा बघायला गेलो होतो, तिथे ढिगाऱ्यात एक पाटी दिसली. लाँड्रीची, गुजराती अक्षरं, निळ्यावर पिवळी. माझी! सही आम्ही करत नाही, पण आपलं अक्षर आपल्याला लांबून ओळखू येतं. १९८६ च्या आसपासची असणार. दुकान कधीच बंद झालेलं. पाटी किलोच्या भावात घेतली, सायकलला बांधून घरी आणली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्या लाँड्रीवाल्याला रंगवला. कोळशाची इस्त्री फुंकताना त्याचे गाल जसे फुगायचे तसा, आठवणीतून. शर्टाच्या कॉलरवर रविवर्म्याचे ठिपके वापरले, ते सुती कापडालाही चालतात. त्यानंतर भंगारवाल्याला सांगूनच ठेवलं. आजवर माझ्या स्वतःच्या १९ पाट्या परत मिळाल्या आहेत, प्रत्येकीच्या पाठीवर तिचा मालक आहे. दोन मालकांचे चेहरे आठवले नाहीत, तिथे नुसता गल्ला काढला.

मागच्या वर्षी मावसभाऊ आला होता. आता त्याचेही केस पांढरे झालेत. त्याने लाँड्रीवाला बराच वेळ बघितला. मी श्वास धरून उभा. मग त्याने पत्रा उलटा केला, १९८६ ची अक्षरं बघितली, त्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “दादा, हे फार भारी आहे रे. असं अक्षर आता कोण काढणार?” म्हणजे जे मी पोटासाठी केलं, दुपारी उन्हात शिडीवर उभं राहून, ते भारी! चित्राबद्दल चकार शब्द नाही. रागवावं की खूश व्हावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. चहा दिला.

तुमच्यासाठी सांगायचं तर क्लास लावा, पण शिकवणारा स्वतः रोज काही करतो का ते आधी बघा. यूट्यूबवर हात दिसतो, हाताचा जोर कळत नाही. गावात एखादा जुना पाटीवाला उरला असेल तर त्याच्याकडे महिनाभर नुसतं बसा, तो पैसेही मागणार नाही, गप्पा मात्र ऐकाव्या लागतील. एक चित्र धरा आणि ते परत परत बघायला जा. पन्नास चित्रं एका दिवसात बघून पाय दुखतात, बाकी काही होत नाही. आणि कॉपी करा, खुशाल करा. फक्त खाली स्वतःची सही ठोकून विकू नका, ती चोरी.

एक राहिलं. नोकरी सोडू नका. वर मी ऐटीत लिहिलंय, पण आमच्या घरातली ती पाच-सात वर्षं बायकोच्या डब्यांवर निघाली, ती नसती तर मी रविवारी म्युझियममध्ये उभा नसतो. हे तिने वाचलं तर म्हणेल, वीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलंस.

जलरंग की ॲक्रेलिक, मला दोन्हींतलं फार कळत नाही. जलरंग पुसता येत नाही एवढं ऐकलंय, तेव्हा धीर असेल तर तो घ्या. इनॅमलच्या नादी मात्र लागू नका. आणि लागलातच तर खिडक्या उघड्या ठेवा. टर्पेंटाईनच्या वासाने माझं डोकं अजून धरतं, मी गॅलरीतच बसून रंगवतो, पावसाळ्यात चार महिने काम बंद.