एमजीएफचं कूलंट कमी होतंय ना, मग आधी गाडी उभी करा

"कूलंट दर आठवड्याला बोटभर उतरतं, खाली थेंबही नाही, तापमानाचा काटा मधोमध असतो, मग चालवू ना? की या गाडीचं डिझाइनच फसलंय?" तुमचं हे वाचलं आणि माझी पहिली एमजीएफ, म्हणजे ब्रिटिश रोव्हर कंपनीची एमजी ब्रँडची छोटी गाडी, आठवली. नका चालवू. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो, काट्यावर भरवसा ठेवू नका.

डिझाइनला सरसकट फसलेलं म्हणणं मला पटत नाही. १९८९ला माझदाची एमएक्स-५ आली, चालली, आणि रोव्हरलाही स्वस्तात तशीच रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन सीटची गाडी, हवी होती. तीन प्रोटोटाइप झाले, त्यातली इंजिन मध्ये असलेली पीआर३ निवडली. रोव्हरच्याच मेट्रो या छोट्या गाडीच्या सबफ्रेम (चाकं आणि सस्पेन्शन धरणारे सांगाडे) पुढेमागे वापरल्या, इंजिन सीटमागे आडवं बसवलं, अॅलेक्स मोल्टन या इंजिनिअरचं हायड्रागॅस सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी द्रव आणि गॅसवर चालणारं) घेतलं आणि १९९५ला जिनिव्हात गाडी दाखवली. पण रेडिएटर पुढेच राहिला, म्हणून पाणी पार मागून पुढे फरशीखालच्या लांब पाइपांतून फिरतं. त्यात के-सिरीज इंजिन मुळात लहान, ते वाढवून १.८ लिटर केलेलं, पाणी कमी मावतं, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारी झडप) पाणी आत येतं त्या बाजूला, त्यामुळे इंजिनच्या वरच्या भागाला, गरम हेडला, एकदम गार पाणी लागतं आणि हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट सोसत नाही.

आता माझी चूक. गॅस्केट गेलं, एका गॅरेजला दिली, त्यांनी नवं टाकलं, मी पैसे देऊन आलो. लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) ब्लॉकच्या वर किंचित उठून असायला लागतात, ते मोजलेत का हे विचारलंच नाही. चार महिन्यांत ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय, म्हणजे ऑइलमध्ये पाणी. परत गेलो तर म्हणे, "हे इंजिन असंच असतं." असं कसं असतं? लायनर खाली बसलेले होते, मोजले असते तर हेड उघडल्यावरच कळलं असतं. दोनदा मजुरी भरली मी, अजून राग येतो.

म्हणून काम देताना लायनर मोजून आकडा लिहून मागा, हेड जागेवर धरणारे डॉवेल (छोट्या खुंट्या) प्लास्टिकचे असतील तर स्टीलचे घाला, आणि हवा काढताना रेडिएटर, हीटरचा पाइप, इंजिनकडची नळी सगळीकडून काढा, एक जागा राहिली तरी हवा अडकते. मल्टिलेअर स्टील गॅस्केट घ्यावं असं माझं मत, पण लायनर खाली बसलेले असतील तर त्याचाही उपयोग नाही. मी मेकॅनिक नाही हो, तुमच्या गाडीत नुसती रबरी नळी किंवा टाकीचं झाकणही निघू शकतं, म्हणून हेड उघडायच्या आधी प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) करून घ्या. आणि गाडी एका बाजूला झुकलेली वाटली तर ते हायड्रागॅस, पंपाने भरता येतं, कोणी लगेच युनिट बदला म्हटलं तर आधी भरून बघायला सांगा.