लाफ्लरचे पॉइंट जास्त, तरी नाव रिशारचं का?

तुमचा प्रश्न असा, की मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाच्या आजवरच्या यादीत गी लाफ्लर 1246 पॉइंटांसह सगळ्यांत वर आहे, तर जुने लोक मोरिस रिशारचंच नाव आधी का घेतात? त्यावर आणखी एकाने विचारलंय, 20 सामन्यांत 44 गोल मारणाऱ्या जो मलोनचं काय? दोन्हींचं एकत्रच लिहितो. थोडं लांबेल.

आधी हिशेब समजून घ्या. आइस हॉकीत गोल मारणाऱ्याला एक पॉइंट मिळतो आणि त्याच्याकडे पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) पोचवणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना असिस्टचा एकेक. क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकर कितीही जोरात पळाला तरी धाव त्याच्या नावावर लागत नाही, इथे लागते. त्यामुळे "पॉइंट किती" आणि "गोल किती" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तुमच्या कोड्याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

कॅनेडियन्सकडून लाफ्लर 961 सामने खेळला, रिशार 978. म्हणजे जवळपास सारखेच. गोल: रिशार 544, लाफ्लर 518. असिस्ट: रिशार 421, लाफ्लर 728. एकूण पॉइंटांत लाफ्लर 281 ने पुढे आहे, पण ती आघाडी सगळीच्या सगळी असिस्टची. नुसत्या गोलांत रिशारच 26 ने पुढे. जुनी माणसं "स्कोअरर" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात गोल मारणारा असतो.

आता मलोन. 1917-18 हा एनएचएलचा, म्हणजे कॅनेडियन्स ज्या व्यावसायिक लीगमध्ये खेळतात तिचा पहिला हंगाम. क्युबेकचा संघ त्या वर्षी उतरलाच नाही, म्हणून हा मूळचा क्युबेक संघाचा माणूस मॉन्ट्रियलकडून खेळला आणि 44 गोल मारून मोकळा झाला. सामन्याला दोनाहून जास्त! आकडा खरा आहे, पण तेव्हाचा खेळ बघा. जानेवारी 1918 पर्यंत गोलकीपरला पक अडवायला बर्फावर आडवं पडायची परवानगी नव्हती. पडला की शिक्षा. मॉन्ट्रियल वाँडरर्सचं मैदान जानेवारीत जळालं आणि लीगमध्ये तीनच संघ उरले, म्हणजे त्याच त्या दोन गोलकीपरांशी पुन्हा पुन्हा गाठ. शिवाय चांगले खेळाडू जवळजवळ अख्खा सामना बर्फावरच असायचे, आजच्यासारखे मिनिटा-मिनिटाला बदलत नसत. मलोन मोठाच होता, पण त्याच्या 44 ची तुलना पुढच्या कुणाशी करायच्या फंदात मी पडत नाही. न्यूझी लालोंदचंही तसंच. जानेवारी 1920 मध्ये त्याने एका सामन्यात सहा गोल मारले, आणि तो सामना संपला 14-7 वर.

हाउई मोरेंझ मात्र वेगळा. 1929-30 मध्ये मैदानाच्या तिन्ही भागांत पुढे पास द्यायची मोकळीक मिळाली आणि त्याने 44 सामन्यांत 40 गोल केले. वेगासाठीच लोक त्याला बघायला यायचे. जानेवारी 1937 मध्ये सामन्यात त्याचा पाय मोडला, मार्चमध्ये तो रुग्णालयातच वारला आणि अंत्ययात्रा निघाली ती फोरममधून, म्हणजे संघाच्या घरच्या मैदानातून. खेळाडूला असं वागवणाऱ्या शहरात पाच वर्षांनी रिशार आला.

1944-45. मोसम 50 सामन्यांचा, आणि रिशारचे 50 गोल. पन्नासावा 18 मार्च 1945 ला बॉस्टनमध्ये, शेवटच्या सामन्यात, खेळ संपत आलेला असताना. त्याच मोसमात डिसेंबरमध्ये तो दिवसभर घर हलवून, सामान उचलून संध्याकाळी डेट्रॉइटविरुद्ध उतरला आणि पाच गोल, तीन असिस्ट करून गेला. यावर नेहमीचा आक्षेप: महायुद्ध चालू होतं, चांगले खेळाडू सैन्यात होते, मग समोर तगडं होतंच कोण? शिवाय 1943-44 पासून मैदानाच्या मधोमध लाल रेघ आली, आपल्या हद्दीतून तिथपर्यंत पास देता यायला लागला आणि गोल एकूणच वाढले. हे सगळं खरं. (आणि रिशार युद्धातून पळाला असं कुणी म्हणालं तर तेही खोडून काढा. आधीच्या मोडलेल्या हाडांमुळे सैन्याने त्याला नापास केलं होतं.)

पण मग 1946-47 बघा. युद्ध संपलंय, सगळे परत आलेत. रिशारचे 60 सामन्यांत 45 गोल, लीगमधल्या दुसऱ्या क्रमांकाचे 30. दीडपट! माझ्या मते हाच त्याचा सर्वांत भारी मोसम, 50 वाल्यापेक्षाही. त्या वर्षी लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफीही त्यालाच मिळाली. पन्नास सामन्यांत पन्नास गोल पुन्हा बघायला तर 1981 उजाडावं लागलं, तेव्हा माइक बॉसीने ते केलं.

आता गंमत म्हणा की दुर्दैव: रिशारला लीगमध्ये सर्वाधिक पॉइंटांचा किताब एकदाही मिळाला नाही. 50 गोलांच्या मोसमातसुद्धा तो दुसरा आला. पहिला त्याच्याच फळीतला सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, एल्मर लाक, 80 पॉइंट. रिशारचे 73, आणि तिसरा त्याच फळीतला टो ब्लेक, 67. यादीतले पहिले तिघे एकाच फळीचे. सर्वांत जवळ तो 1954-55 मध्ये आला होता. 13 मार्चला बॉस्टनमध्ये मारामारी झाली, त्यात त्याने एका लाइन्समनला ठोसा लगावला. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी उरलेला मोसम आणि प्लेऑफ (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या), दोन्हींतून त्याला बाहेर केलं. 17 तारखेला कॅम्पबेल स्वतः फोरममध्ये येऊन बसले, आत अश्रुधुराचा गोळा फुटला, सामना तिथेच संपला आणि बाहेर रस्त्यावर रात्रभर तोडफोड झाली. फ्रेंच बोलणाऱ्यांच्या मनात इंग्रजी साहेबांबद्दल साचलेलं बरंच काही त्या रात्री बाहेर पडलं. रिशार 74 पॉइंटांवर अडकून राहिला. त्याच्याच संघातला बर्नी जॉफ्रियाँ 75 वर पोचला, किताब घेऊन गेला आणि बक्षीस म्हणून घरच्या प्रेक्षकांच्या शिव्या खाल्ल्या. बिचाऱ्याने गोल मारायचे नाहीत की काय! पुढे 1960-61 मध्ये याच जॉफ्रियाँने 50 गोल केले, रिशारनंतर पहिल्यांदाच कुणीतरी. त्याबद्दलही त्याचं म्हणावं तेवढं कौतुक होत नाही.

तर रिशारचं नाव आधी येतं त्याला गोलांइतकंच 1955 कारण आहे. शिवाय प्लेऑफ: 133 सामन्यांत 82 गोल, त्यातले सहा ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत. मार्च 1944 मध्ये टोराँटोला 5-1 ने हरवलं तेव्हा पाचही गोल त्याचे होते, आणि सामन्यातले उत्तम तीन खेळाडू म्हणून तिन्ही वेळा त्याचंच नाव पुकारलं गेलं.

जाँ बेलिव्हो तुमच्या प्रश्नात नाही, पण त्याला सोडून हे उत्तर पुरं होत नाही. 507 गोल, 1219 पॉइंट, खेळाडू म्हणून दहा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची दहा विजेतेपदं. हा गडी क्युबेक शहर सोडून यायलाच तयार नव्हता, म्हणून कॅनेडियन्सने तो ज्या लीगमध्ये खेळत होता ती अख्खी लीग विकत घेतली. आणि 5 नोव्हेंबर 1955 ची गोष्ट: बॉस्टनचे दोन खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेले, आणि बेलिव्होने 44 सेकंदांत तीन गोल मारले. तेव्हा गोल झाला तरी शिक्षेची दोन मिनिटं पूर्ण भरावी लागत. पुढच्या वर्षी नियम बदलला: साध्या पेनल्टीत एक गोल झाला की बाहेर बसलेला परत येतो. आज तुम्ही जो पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) बघता तो या नियमाचा आहे. एका संघाच्या मारक ताकदीमुळे नियम बदलावा लागणं हे मला कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मोठं वाटतं.

आता लाफ्लर. 1971 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला निवडलेला. ज्युनियरमध्ये शेवटच्या मोसमात 130 गोल करून आलेला, त्यामुळे डोक्यावर बेलिव्होचा वारस म्हणून ओझं. पहिल्या तीन मोसमांत 29, 28, 21 गोल. लोक वैतागले होते. मग हेल्मेट काढलं, केस मोकळे सोडले आणि 1974-75 पासून सलग सहा मोसम 50 किंवा जास्त गोल, 100 हून जास्त पॉइंट. सहा मोसमांत 327 गोल! संघ 18 झाले होते, दुबळे संघ बरेच होते, डावीकडे स्टीव्ह शट होता (1976-77 मध्ये त्याचे स्वतःचेच 60 गोल), पाठीमागे बचावात लॅरी रॉबिन्सन. हे सगळं मान्य करूनसुद्धा, सहा वर्षांचा सलग तुकडा कापून बघायचा असेल तर माझं मत लाफ्लरला. अख्ख्या कारकिर्दीवर विचाराल तर रिशार. लाफ्लरचा एक गोल शोधून बघाच: 10 मे 1979, बॉस्टनविरुद्ध उपांत्य फेरीचा सातवा सामना. मॉन्ट्रियल 3-4 ने मागे. बॉस्टनचा एक खेळाडू जास्त बर्फावर आला म्हणून पेनल्टी, आणि सव्वा मिनिट उरलेलं असताना लाफ्लरचा उजव्या बाजूने धावत येऊन मारलेला फटका. ओव्हरटाइममध्ये इव्हाँ लाँबेरने सामना संपवला आणि पुढे सलग चौथा कप आला.

त्यानंतरचं थोडक्यात. 1985-86 मध्ये मॅट्स नॅसलंडने 110 पॉइंट केले, स्टेफान रिशेने दोनदा पन्नास गोल गाठले, आणि मग बराच मोठा दुष्काळ. 2024-25 मध्ये कोल कॉफिल्डचे 37 गोल आणि कर्णधार निक सुझुकीचे 89 पॉइंट झाले तेव्हा इथे लोक भलतेच खूश होते. गणित करून बघा: दरवर्षी 89 असे बरोबर 14 मोसम भरले की लाफ्लरचे 1246 होतात.