काळी दारू जाऊन बिनधुराची दारू आली ती फक्त धुरामुळेच का?

खडकीच्या दारूगोळा कारखान्यावरून जाताना पडलेला तुमचा प्रश्न रास्त आहे. पण धूर हे अर्धंच कारण.

काळ्या दारूत पाऊण भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), बाकी कोळसा आणि गंधक. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, पोटॅशियमचे क्षार बनून उरतो. हवेत उडाला तो धूर, नळीत चिकटला तो मळ. हा मळ ओल ओढतो, म्हणून बंदूक गरम पाण्यानं धुतली नाही की गंज ठरलेला.

खरं कसब दाण्यात होतं. नुसती पूड गाडीतल्या हादऱ्यांनी वेगळी व्हायची, गच्च भरली तर ज्योत आत शिरायची नाही. म्हणून दाणे: पिस्तुलाला बारीक, तोफेला जाड. १८६०च्या सुमारास अमेरिकेत रॉडमननं भोकाचे दाणे काढले. दाणा बाहेरून झिजतो, पण भोकं आतून रुंदावतात, त्यामुळे दाब एकदम चढून पडत नाही.

१८४६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ श्योनबाइननं गनकॉटन, म्हणजे आम्लात मुरवलेला स्फोटक कापूस, जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमधला फॅवरशॅमचा गनकॉटनचा कारखाना उडाला. कापसाचा तंतू आतून पोकळ; वरवर कितीही धुवा, आत आम्ल राहतं आणि साठवणीत तेच माल कुजवतं. १८६५ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एबलनं तंतूंचा लगदा करून धुवायची पद्धत आणली. तरी मोकळा तंतू भसकन जळून नळ्या फोडायचा. १८८४ मध्ये फ्रान्सच्या व्हिएयनं तो विरघळवून घट्ट केला, पत्रे लाटून चकत्या कापल्या. हीच बिनधुराची दारू. आता चकतीच्या जाडीवर जळण्याचा वेळ ठरू लागला. माझ्या मते क्रांती ती हीच. १८८६ ची ८ मिलिमीटरची लेबेल रायफल त्यावरच उभी राहिली. आधीची ग्रास ११ ची होती.

खडकीचा कारखाना १८६९ चा, म्हणजे काळ्या दारूच्या काळातला. ब्रिटिशांची बिनधुराची दारू, कॉर्डाइट, १८८९ ची. तिची आच इतकी की रायफलच्या नळीतले मेटफर्ड पद्धतीचे उथळ आटे लवकर झिजले आणि १८९५ मध्ये एनफिल्डचे खोल आटे आले. कॉर्डाइटमध्ये व्हॅसलीन टाकलं होतं वंगण म्हणून, पण उपयोगी पडलं ते दारू टिकवायला! फ्रेंच दारूत सुरुवातीला असं नेमकं काही नव्हतं. १९११ मध्ये तूलाँ बंदरात ‘लिबेर्ते’ युद्धनौका उडाली, त्याचं खापर कुजलेल्या दारूवरच फुटलं. पुढे दारू टिकवायला डायफिनिलअमाइन हे रसायन सर्रास घालू लागले.

काळी दारू मात्र संपलेली नाही. मोठ्या तोफेचा बिनधुराचा भरणा पेटवायला आजही तिची छोटी पिशवी लागते, कारण कमी दाबातही ती चटकन पेट घेते आणि तिचे तापलेले कण भरण्यात खोलवर शिरतात.