बडोद्यात मन लागत नाही, परत जावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सांगोल्याहून डिप्लोमा करून पाच महिन्यांपूर्वी नोकरीसाठी बडोद्याला आलात. मकरपुऱ्यात काम, पगार वेळेवर, साहेब बरे, कोणाचा जाच नाही. तरी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळ झाली की रडू येतं, आणि घरी फोनवर मात्र "मजेत आहे" म्हणता. शेवटी लिहिलंय, "वाईट असं काहीच घडलेलं नाही, मग मला इतकं उदास का वाटतं? नोकरी सोडून परत जावं का?"

त्या शेवटच्या ओळींसाठी मी लिहायला बसलो. वीस वर्षांपूर्वी हेच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होते आणि विचारायला कोणी नव्हतं.

मी अमळनेरचा. २००४ च्या जूनमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून इथल्या एका कंपनीत लागलो. जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीजवळ तिघांत मिळून एक खोली घेतली. तिघांच्या शिफ्टा वेगळ्या, त्यामुळे त्या खोलीत चोवीस तास कोणीतरी झोपलेलं असायचं. खिडकीवर जुनी चादर खिळ्यांनी ठोकलेली, म्हणून भर दुपारीही अंधार. दिवा लावायचा नाही, रेडिओ लावायचा नाही. डब्याचं झाकण उघडताना आवाज होतो म्हणून मी डबा पोटाशी धरायचो, बनियनचं टोक झाकणावर दाबायचो आणि हळूच ते काढायचो. मग त्या अंधारात गुळाची गोड डाळ आणि गार पोळ्या खायच्या. कितीतरी महिने मी स्वतःच्या खोलीत मोठ्यानं एक वाक्य बोललो नव्हतो. तेव्हा वाटायचं की बडोदं आपल्याला मानवत नाही. मानवत नव्हती ती खोली, आणि हे कळायला मला आठ महिने लागले.

तुम्ही खोलीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो. खोलीत ऊन येतं का? बरोबरच्यांशी रोज दोन शब्द बोलणं होतं का? तुमची झोप सलग होते का? रात्रपाळी सुरू असेल तर मन खचण्यात निम्मा वाटा झोपेचा असू शकतो. शरीराचं घड्याळ उजेड-अंधारावर चालतं. आठवड्या-आठवड्याला शिफ्ट बदलली की भूक, झोप आणि मन तिन्ही एकदम बिघडतात. मी तर माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना सांगून ठेवलंय की रात्रपाळीच्या आठवड्यात राजीनामा लिहायचा नाही. लिहायचाच असेल तर दिवसपाळीत चार रात्री नीट झोपून मग लिहा.

माझी दुसरी चूक खोलीपेक्षा मोठी होती. सुरुवातीला दर सुट्टीला मी घरी पळायचो. इथून सुरतेला जायचं, तिथून भुसावळ पॅसेंजर पकडायची, नंदुरबार-दोंडाईचा करत अमळनेरला उतरायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि त्याच दिवशी परत निघायचं. झोप गाडीत, तीही बसल्या बसल्या. गावच्या मित्रांना वाटायचं, हा पाहुणा. कंपनीतले म्हणायचे, हा सुट्टीला कधी इथं नसतोच, त्याला कशाला विचारायचं? त्यामुळे इथंही मी पाहुणाच. आता गाडी पकडायचीही गरज उरलेली नाही, खोलीत पडल्या पडल्या फोनवर माणूस गावी जाऊन येतो. घरी रोज बोला, जरूर बोला. पण सुट्टीची आख्खी संध्याकाळ जुन्या मित्रांचे फोटो बघण्यात जात असेल तर ती संध्याकाळ ना सांगोल्याची होते ना बडोद्याची.

त्याच पावसाळ्यातली एक रात्र आठवते. एसटीडी बूथमध्ये मीटरचे लाल आकडे पळत होते आणि मी नेहमीसारखं "बरं चाललंय" म्हणत होतो. आई अहिराणीत बोलते. ती मधेच म्हणाली, "तठे तुनं कोन शे रे भाऊ?" तिथं तुझं कोण आहे? मी कंपनीचं सांगायला लागलो, पगाराचं सांगायला लागलो. ती म्हणाली, ते नको, माणूस सांग. मला एकही नाव सांगता आलं नाही. फोन ठेवला आणि बूथवाल्याकडून सुटे पैसे न घेताच बाहेर आलो.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर याच्या आसपास आहे. वाईट काही घडलेलं नसतं तरी माणूस उदास होतो, कारण चांगलंही कोणाच्या सोबतीनं घडत नसतं. गावात आपण दोन दिवस दिसलो नाही तर दूधवाला विचारतो, समोरची काकू विचारते. इथं आठ दिवस तापानं पडून राहिलो तरी हजेरीच्या मशीनशिवाय कोणाला पत्ता लागत नाही. ही बोच खरी आहे, तिच्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि ती पगारानं भरून निघत नाही.

माझ्या बाबतीत ती भरायला सुरुवात झाली मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. बुधवारी माझी साप्ताहिक सुट्टी असायची. त्या खोलीत थांबवत नव्हतं म्हणून पंख्याखाली बसायला गेलो, वाचायची फार आवड होती असं नाही. १९१० मधली संस्था. आत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांचे मजले आहेत आणि मधली जमीन जाड काचेची, वरचा उजेड खालच्या रांगांपर्यंत झिरपावा म्हणून. ती काच मी वाकून बघत बसलो होतो. ज्यांनी ही लायब्ररी उभी केली ते सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे आमच्या खानदेशाला लागूनच. १८७५ मध्ये त्यांना, म्हणजे तेव्हाच्या बारा वर्षांच्या गोपाळला, दत्तक म्हणून इथं आणलं तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे त्याच माणसानं १९०६ मध्ये आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, तिथल्याच एका मराठी पुस्तकात वाचलं. वाड्यातल्या पहिल्या रात्री त्या पोराला झोप लागली असेल का, असा विचार तेव्हा कितीदा मनात आला.

तिथं एक निवृत्त शिक्षक यायचे, दांडिया बाजारातले. चार-पाच बुधवार आम्ही समोरासमोर बसलो, बोललो नाही. मग मी दोन खेपा घरी गेलो. परत आलो तर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "दोन बुधवार दिसला नाहीत." एवढंच. मला एकदम भरून आलं, मी उठून पाणी प्यायला गेलो.

पुढच्या बुधवारी ते मला घरी जेवायला घेऊन गेले. काकूंची आमटीही गोडच होती, पण पाटावर बसून, दिव्याच्या उजेडात, बोलत बोलत जेवलो तर तीच चव वेगळी लागली. नंतर जाणं-येणं सुरू झालं. उशीर झाला की काकू म्हणायच्या, "आज मोडा आलास." गुजरातीत मोडं म्हणजे उशिरा. त्यांच्या घरच्या मराठीत गुजराती अशी मुरलेली की त्यांना स्वतःला ते जाणवायचंही नाही. भाद्रपदात त्यांच्या गल्लीतल्या गणपतीच्या मंडपात ॲम्प्लिफायर सारखा गुणगुणत होता, आरती सुरू झाली तरी मागे घूंऽऽ चालूच. मी मागच्या बाजूला हात घालून पाहिलं, अर्थिंगची वायर सैल होती. स्क्रू आवळला, आवाज थांबला. दहा मिनिटांचं काम. त्या दिवसापासून गल्लीतली पोरं मला अमळनेरवाला दादा म्हणायला लागली, आणि दर वर्षी माळा-दिव्यांचं काम माझ्याकडे आलं. तुम्ही मेकॅनिकलचे आहात. तुमच्या हातातही कोणाच्या तरी उपयोगी पडेल असं काम आहे. कोणी नुसतं जेवू घातलं तर संकोच वाटतो. आपल्या हातचं चार लोकांना लागलं की मग तिथं बसायला जागा मिळते.

तेव्हा माझं तुम्हाला सांगणं एकच: आठवड्यातला एक ठरलेला वार, एक ठरलेली जागा आणि तीच ती माणसं. लायब्ररी असो, कमाटी बागेत सकाळी चालणारा घोळका असो, भजनाचं मंडळ असो, व्हॉलीबॉलचं ग्राउंड असो. दर खेपेला नवी जागा शोधू नका. शहर फिरून पाहणं वेगळं, ते एका महिन्यात होतं. सुरसागरच्या काठी एकट्यानं सेव-उसळ खाऊन झाली, लक्ष्मीविलास पॅलेसही पाहून झाला, पुढे काय? त्याच जागी आठ-दहा खेपा जावं लागतं, तेव्हा कुठे कोणी विचारतं की मागच्या वेळी का आला नाहीत. पहिल्या चार खेपा कंटाळवाण्या जातील, वाटेल की वेळ वाया चाललाय. तरी जा.

मराठी माणसांतच राहायचं, असंही करू नका. ती चूक इथे येणारे बरेच जण करतात. कंपनीतला माझा जोडीदार रोज विचारायचा, "जम्या के?" जेवलात का? मी मान हलवून पुढे जायचो, मला ती नुसती बोलायची रीत वाटायची. वर्षभरानं कळलं की तो दुसरा डबा आणत होता. त्याच्या बायकोला त्यानं सांगून ठेवलं होतं की महाराष्ट्रातला एक पोरगा एकटा राहतो. गुजराती वाचायला आपल्याला फार तर दोन आठवडे लागतात. डोक्यावरची रेघ काढून टाका, अ, क, ख, च, ज, झ, फ, ब, ल अशी दहा-बारा अक्षरं तेवढी नवी. बसच्या पाट्या आणि दुकानांचे बोर्ड वाचत जा. बोलताना चुका होतील, कोणी हसलं तरी ते दुष्टपणानं हसत नाहीत. मला तर अहिराणीचा उपयोग झाला, आमच्या "शे"ला इथला "छे" जवळचा. तुमच्याकडे ती सोय नाही, पण तोडकं-मोडकं बोललात तरी समोरचा खुलतो.

आता परत जाण्याचं. मी राहिलो म्हणून तुम्हीही राहावं, असं मी म्हणणार नाही. माझ्याबरोबर खोलीत राहणारा एक जण वर्षभरानं धुळ्याला परत गेला, मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, आज सुखात आहे. त्याला काम मुळातच आवडत नव्हतं, आणि गावी काय करायचं ते त्यानं आधी ठरवलं होतं. तुमचं काम तुम्हाला आवडतं, असं तुमच्याच लिहिण्यातून दिसतं. मग आधी खोली बदला, सुट्टीचा वार इथं घालवायला सुरुवात करा, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत बघा. तोवर मन रमलं नाही तर जा परत. हरलो असं वाटून घ्यायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र दिवाळीपर्यंत लांबवायची नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कामावर हात चालत नसेल, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर ही नुसती घरची ओढ नाही, हा आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस फोन रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसिक आजारांचा विभागही आहे. ताप आल्यावर जसे जातो तसेच जा. आणि घरी एका तरी माणसाला खरं सांगा. आईला नसेल सांगवत तर बहिणीला सांगा. मी शेवटी बहिणीलाच सांगितलं होतं.

२०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्याला साहित्य संमेलन झालं तेव्हा मी मांडवात पाणी देण्याच्या कामाला होतो. २०२४ मध्ये तेच संमेलन अमळनेरला भरलं, तेव्हा तीन दिवस तिथं जाऊन राहिलो. निघताना स्टेशनवर बहिणीला म्हणालो, घरी पोचलो की फोन करतो. ती म्हणाली, घरी कुठे? मला आधी तिचा प्रश्नच कळला नाही.

तुम्ही सुट्टीचा वार लिहिलेला नाही. तो कळवा, आणि कोणत्या भागात राहता तेही. त्या बाजूला बसण्या-उठण्यासारखं काय आहे ते मी इथल्या लोकांना विचारून सांगतो. येत्या सुट्टीला मात्र खोलीत थांबू नका.